बॅगा भरताना आईचा आवाज

३ फेब्रुवारी, सोमवार

कॉलेजला द्यायची डायरी वेगळी आहे. तिच्यात आम्ही गेम कसा बनवला, काय काय शिकलो, हे गोड गोड लिहायचं असतं, आणि जानकी मॅडम ती वाचून मार्क देतात. ही वही माझी आहे. इथे मी गोड लिहिणार नाही.

तर शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट ठरला. गेम डिझाइनच्या वर्गात जोड्या पाडल्या आणि माझ्या वाट्याला विशाल आला. बरं झालं. तो कमी बोलतो आणि कोडिंग भारी करतो. चित्रं, लेव्हल आणि आवाज ही माझी खाती. आयडियासुद्धा माझीच. गणपतीला गावाला निघायचंय, गाडी सुटायची वेळ झालीय, आणि खोलीभर पसरलेलं सामान तीन बॅगांत बसवायचंय. समई, आत्येच्या मुलीचा फ्रॉक, मिक्सरचं भांडं, पप्पांच्या गोळ्या, काकांनी मुंबईहून मागवलेला पंख्याचा रेग्युलेटर. चुकीचं ठेवलं की फुटतं, चेपतं नाहीतर सांडतं. नाव आमच्या मालवणीत, 'गावाक जातंव'.

विशाल राहतो दिंडोशीला, गाव जालन्याकडे. म्हणाला, "यार, आम्ही जाताना एक पिशवी नेतो आणि येताना चार आणतो. तुमचं उलटंच आहे."

"आमच्याही येताना चारच असतात," मी म्हटलं. "तो पार्ट टू."

मॅडमनी लगेच होकार दिला. आज झकास वाटतंय.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

गेममध्ये घरातलं कोणीतरी सतत ओरडत असायला हवं, नाहीतर गावाला निघाल्यासारखं वाटतच नाही. विशाल म्हणाला की आत्ता पुरता कुठलाही आवाज टाक, खरा नंतर करू. आमच्यात असंच चालतं. चित्र तयार नसेल तर तिथे राखाडी चौकोन ठेवायचा, आवाज नसेल तर हाताला लागेल तो. शेवटी सगळं बदलायचं.

हाताला लागली आई. ती घरात चालवते त्या पाळणाघरातली पोरं गेल्यावर तिच्यासमोर फोन धरला आणि म्हटलं, "बॅगा भरताना बोलतेस ना, तसं बोल." तर ही एकदम बातम्या द्यायला लागली. "बॅग नीट भरावी. सामान सांभाळावे." मी कपाळावर हात मारून घेतला. मग माळ्यावरची बॅग खाली काढली आणि लोणच्याची काचेची बरणी तिच्यादेखत तळाशी ठेवली. बस. तोंड सुटलं.

"काचेचा खाली ठेवतंस? डोक्यार पडलंस काय गो?"

"समई आडवी ठेव. तेल खंय आसा तिच्यात!"

"ह्यां कित्याक घेतलंस? गावात मिळत नाय?"

"बसात, बसात. जरा दाब."

मी अख्खी बॅग चुकीची भरली आणि तिने मला अख्खी बॅगभर झापलं. नंतर पाणी पिऊन विचारते, "ह्यां तुझ्या गेमात येतला?" मी हो म्हटलं. तात्पुरता वगैरे समजावत कुठे बसायचं? ती तशीच शेजारी शांताकाकूंकडे गेली सांगायला. आमच्या दोघांच्या घरांमध्ये एकच भिंत आहे, त्यामुळे मला इथे बसून सगळं ऐकू येत होतं. काकू म्हणाल्या, "वनमालाताई, आता आमच्याशी बोलायचे पैसे घेणार का तुम्ही?" दोघी कितीतरी वेळ हसत होत्या.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज वर्गात पहिली टेस्ट झाली. टेस्टचा नियम असा की दुसऱ्यांनी आपला गेम खेळायचा आणि आपण मागे मुक्याने बसायचं. मदत करायची नाही, सुचवायचं नाही, हूं की चूं करायचं नाही. माझ्यासारखीला ही शिक्षाच.

आणि वाट लागली. सगळे हसले. पहिल्या वाक्याला हसले, दुसऱ्याला हसले, समईच्या वाक्याला तर एकाने हेडफोन काढून बाजूच्याच्या कानाला लावला. दुपारी कँटीनमध्ये एकाचा वडापाव ताटाबाहेर पडला तर मागून दुसरा ओरडला, "डोक्यार पडलंस काय गो?" माझे कान तापले. ती माझी आई आहे, तुमचा टाइमपास नाही. पण असं कोणाला सांगणार? आवाज माझ्या आईचा आहे हे मी कोणाला बोललेच नाही. विशालला तेवढं माहीत आहे.

जानकी मॅडमनीही विचारलं, "हा आवाज कोणाचा?"

"टेम्पररी आहे मॅडम. बदलणार आहे."

"अच्छा," त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, "बदलायची एवढी काय घाई आहे?"

मी म्हटलं, घाई नाही, पण मुदतीच्या आत नक्की होईल. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या. खूश दिसल्या नाहीत.

विशाल वेगळंच काहीतरी घेऊन आला. म्हणे एका मुलीने लेव्हल संपवली आणि परत पहिल्यापासून सुरू केली, आणि या वेळी सगळं मुद्दाम चुकीच्या जागी ठेवत बसली. मी म्हटलं, तेच तर सांगतेय, लोकांना खेळच कळत नाहीये. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि लॅपटॉप बंद केला. याच्याशी बोलायचं म्हणजे भिंतीशी बोलायचं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आज सुट्टी. दिवसभर घरी, म्हणजे दिवसभर तेच. भाताचं पाणी काढता काढता आई म्हणते, "'झिप फाटात, हळू!' ह्यां पण घाल." चादरीची घडी घालता घालता आणखी एक वाक्य. किराणावाल्याला सांगून झालंय, खालच्या मजल्यावर सांगून झालंय, पप्पांनी गावाला काकांना फोन करून सांगितलंय की वनमाला कंप्युटरात आहे. काकांना वाटलं तिला नोकरी लागली.

माझे कान किटले. म्हटलं, "आई, पुरे आता, तो कॉलेजचा प्रोजेक्ट आहे, तुझा कार्यक्रम नाही."

ती चादर कपाटात ठेवायला गेली. जेवताना मात्र हळूच म्हणाली, "झिपेचा तेवढा बघ. बरा आसा."

२५ फेब्रुवारी, मंगळवार

नोटीस लागली. २२ मार्चला प्रदर्शन. घरच्यांना घेऊन यायचं, आणि अंधेरीच्या एका स्टुडिओची माणसं गेम बघायला येणार. आवडलं तर इंटर्नशिप.

डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं, स्टुडिओचा माणूस हेडफोन लावतोय आणि कानात, तेल खंय आसा तिच्यात! मी गार्गीला विचारलं. ती आमच्याच वर्गातली, मुलुंडची, जाहिरातींना आवाज देते. हो म्हणाली.

विशाल भडकला. तो भडकला की आवाज चढवत नाही, उलट बारीक होतो. "आधीचा काय वाईट होता?"

"हसतात लोक."

"मग हसू दे ना."

"तुझी आई असती तर कळलं असतं तुला."

"माझी आई असती तर मी तिला इथे आणून बसवलं असतं."

बोलायला काय जातंय? शेवटी म्हणाला, "आवाज तुझं खातं आहे. तू ठरव." मी ठरवलं.

१ मार्च, शनिवार

कॉलेजच्या छोट्या स्टुडिओत गार्गीचं रेकॉर्डिंग झालं. एकदाही चुकली नाही. "ही वस्तू इथे मावणार नाही. पुन्हा प्रयत्न करा." "काचेच्या वस्तू जपून ठेवा." मेट्रोतल्या घोषणेसारखा स्वच्छ आवाज. वाक्यं मीच लिहिली होती, शुद्ध भाषेत.

आईच्या सगळ्या फाइल काढून तिथे गार्गीच्या बसवल्या. जीव भांड्यात पडला. आता दिसतोय कॉलेजचा प्रोजेक्ट.

आईला सांगायचं आहे. सांगेन एक-दोन दिवसांत. तिला तरी एवढं काय असणार आहे?

६ मार्च, गुरुवार

दुसरी टेस्ट. या वेळी कोणी हसलं नाही. सगळे शिस्तीत खेळले, सगळ्यांनी लेव्हल संपवली. त्या दिवशीची मुलगी हेडफोन काढून म्हणाली, "संपला?" मी अभिमानाने म्हटलं, "हो, आता पटकन होतो." परत खेळायची तिला गरज पडली नाही, एवढा सोपा झालाय.

मॅडम म्हणाल्या, "स्वच्छ आहे." बाकी काही नाही. पण मॅडमच्या तोंडून स्वच्छ म्हणजे खूप झालं.

११ मार्च, मंगळवार

गेम जमा केला. यानंतर कोणालाच काही बदलता येत नाही. प्रदर्शनात हाच लागणार आणि याच्यावरच मार्क.

घरी आले तर पलंगावर आईची मोरपिशी साडी, नवा फॉल लावून आणलेली. "बावीस तारखेक किती वाजता?" शनिवारी पाळणाघर बंद ठेवणार असं तिने पोरांच्या आयांना सांगूनही टाकलंय. आई तापातसुद्धा पाळणाघर बंद ठेवत नाही. आणि शांताकाकू पण येणार आहेत, खास ऐकायला.

आता मात्र सांगायलाच हवं होतं. मी तोंड उघडलं आणि बाहेर काय आलं? "आई, तुझा आवाज कदाचित नीट येणार नाही. माईक खराब होता."

"मगे परत करूया. मी हयच आसंय."

"आता बंद झालं गं ते. बदलता येत नाही."

तिने साडीची घडी केली, वर हात फिरवला. "बरा. जेवढो इलो तेवढो इलो."

मला कसंतरी झालं. चिडचिड झाली खरं म्हणजे. कोणावर ते कळलं नाही.

१८ मार्च, मंगळवार

विशालला विचारलं, गुपचूप काही करता येईल का, निदान एक वाक्य, ते झिपेचं तरी. नाही म्हणाला. मला वाटलं आता ऐकवेल, बघ मी सांगत होतो. ऐकवलं नाही. "आजच्या आज सांग तिला," एवढंच म्हणाला. "तिथे येऊन कळण्यापेक्षा घरात कळलेलं बरं."

घरी आले तेव्हा आई आणि काकू दोघी मिळून गजरा घ्यायचा की नको यावर बोलत होत्या.

उद्या सांगते.

२१ मार्च, शुक्रवार

नाही सांगितलं. घाबरट आहे मी. एवढी फाडफाड बोलते सगळ्यांशी आणि एक वाक्य बोलता येत नाही.

२२ मार्च, शनिवार

सगळं लिहून काढते, नाहीतर डोक्यात फिरत राहील.

स्टुडिओची माणसं सकाळीच आली. त्यातल्या एकाने आमचा गेम खेळला, "फिनिशिंग चांगलं आहे," म्हणाला आणि पुढच्या टेबलावर गेला. तिथे मात्र बराच वेळ रमला. मला वाईट वाटायला हवं होतं. पण माझा अर्धा जीव दरवाजाकडे होता.

आई आली. मोरपिशी साडी, गजरा, बरोबर शांताकाकू. पप्पांना सुट्टी मिळाली नव्हती. आईने विशालच्या डोक्यावरून हात फिरवला, "तू विशाल मां? जेवलंस?" असं विचारलं आणि खुर्चीत बसली. हेडफोन लावताना गजरा अडकला, तो काकूंनी सोडवला.

मी मागे उभी राहिले. तिचा चेहरा समोरच्या खिडकीच्या काळ्या काचेत दिसत होता. हसरा, तयार. तिने पहिली वस्तू उचलली, लोणच्याची बरणी, आणि मुद्दाम बॅगेच्या तळाशी ठेवली. मला कळलं ती कशाची वाट बघतेय. गार्गी बोलली असणार. आईचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळे थांबले. तिने समई उभी ठेवली. थांबली. मग फ्रॉकवर मिक्सरचं भांडं ठेवलं, गोळ्यांच्या पिशवीवर रेग्युलेटर ठेवला. एकामागून एक, सगळं चुकीचं. आमच्या घरात बॅगा भरण्यात तिचा हात कोणी धरू शकत नाही, आणि ती मोडत होती, फोडत होती, सांडत होती, कुठेतरी आपण असू म्हणून. विशाल दुसरीकडे बघायला लागला.

तेव्हा मला ती वर्गातली मुलगी आठवली, मुद्दाम चुका करत बसलेली. तिला खेळ कळत नाही म्हटलं होतं मी. मूर्ख, मूर्ख, मूर्ख.

मग आईने पुन्हा सुरुवात केली. या वेळी सगळं जागच्या जागी ठेवलं, बॅगा बंद केल्या आणि हेडफोन काढले.

"आला का आवाज?" काकूंनी विचारलं.

"इलो तर," आई म्हणाली. "बरो इलो."

मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. आणि काकू म्हणतात, "बघू बघू, मलापण द्या." मी मध्ये काहीतरी पुटपुटले, की आवाज नीट नाही, की गर्दी आहे, पण त्यांनी हेडफोन लावलेसुद्धा. एक बरणी ठेवली, ऐकलं. आणखी एक वस्तू ठेवली, ऐकलं. आईकडे पाहिलं. मग मोठ्याने म्हणाल्या, "अगदी तुम्हीच की हो. लगेच ओळखलं मी."

जीवात जीव आला. काकूंच्या कानांचं आता खरंच काहीतरी करायला हवं. कुठे गार्गी आणि कुठे आई! पण देव पावला म्हणायचं. दोघी बाकीचे गेम बघायला गेल्या. काकू प्रत्येक टेबलावर सांगत होत्या, त्या तिकडच्या गेममध्ये आमच्या वनमालाताईंचा आवाज आहे.

जाताना जानकी मॅडम भेटल्या आईला. आईच बोलत होती, काहीतरी पाळणाघराचं. मॅडम ऐकत होत्या, मग वळून माझ्याकडे बघितलं. आवाज ओळखला त्यांनी.

२३ मार्च, रविवार

सकाळपासून आई नेहमीसारखीच. तेच मला सहन होईना. रागावली असती तर मी पण तोंड चालवलं असतं आणि मोकळी झाले असते.

ती मेथी निवडत होती. मी समोर बसले आणि म्हटलं, "आई, काल तो आवाज तुझा नव्हता."

"माका माझो आवाज कळाचो नाय?"

"माईक पण खराब नव्हता. मीच काढला. लोक हसतात म्हणून."

"हसूकच व्हया तर. बॅगा भरताना माणूस हसता नायतर भांडता." तिने एक जुडी संपवली, दुसरी सोडली. "माका वाटला, तुका लाज वाटता."

यावर खोटं बोलता आलं असतं. नाही बोलले. म्हटलं, "वाटली."

ती मेथीची पानं जोरात खुडायला लागली. मी रडायला लागले आणि मग तिने पदराने माझं तोंड पुसलं, नेहमीसारखं खसाखसा.

"मग काकूंना आवाज आला म्हणून का सांगितलंस?"

"मगे काय करू? तुझ्या कॉलेजात, सगळ्यांच्या फुड्यात, तुका खोटी पाडू?"

बराच वेळ मी तिच्या हाताखाली मेथी निवडत बसले. मग तिला सांगितलं की विशाल आणि मी गेम इंटरनेटवर टाकणार आहोत, तिथे कोणाची मुदत नाही, मार्क नाहीत, आणि तिथे तिचाच आवाज घालणार आहे. ती नको म्हणाली. त्या पोरीचो गोड आसा म्हणाली. मी म्हटलं, घालणारच आहे, झिपेचं वाक्य धरून. मग तिने हात थांबवले.

"घालतंस तर शांताबायक पण घे."

"काकूंना कशाला?"

"कित्याक म्हणजे? काल ती माझ्यासाठी खोटा बोलली."

मी बघतच राहिले. "म्हणजे त्यांना कळलं होतं?"

"अगो, भिंतीपल्याडसून रोज माझो आवाज ऐकता ती," आई म्हणाली. "तिका कळाचो नाय?"

आणि मी काल त्यांचे कान खराब ठरवून मोकळी झाले होते. उठले, हात धुतले आणि शेजारी जाऊन बेल वाजवली. काकूंनी दार उघडलं. माझे लाल डोळे बघून आत घेतलं, खुर्ची पुढे केली.

"वनमालाताईंनी पाठवलं का गं?"

"नाही काकू," मी म्हटलं. "माझी मी आले."